टी फॉर ट्राम

'दादर टीटी'मधलं टीटी म्हणजे काय? परवा ऑफिसात डबे उघडता उघडता मी हा प्रश्न टाकला आणि चांगली पंधरा मिनिटं करमणूक झाली. एकीचं म्हणणं, स्टेशन जवळ आहे, म्हणजे तिकीट तपासणाराच असणार. दुसरा म्हणाला, टॅक्सी टर्मिनस! पुण्याच्या टॅक्सी तिथूनच तर सुटतात. तिसऱ्यानं टेबल टेनिस सांगून विषय संपवला. रोज दादरला उतरणाऱ्या पोरालाही उत्तर आलं नाही.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जिथं येऊन थांबायची आणि जिथून परत फिरायची, ती जागा. मुंबईत शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ च्या रात्री, बोरीबंदर ते दादर. त्याला साठहून जास्त वर्षं झाली. रूळ गेले, तारा गेल्या, डबे गेले. टीटी मात्र टॅक्सीवाल्यांच्या तोंडी अजून आहे. त्या वेळी ट्राममधून शाळेत जाणारी पोरं आज सत्तरीच्या पुढं आहेत. म्हणजे आठवण सांगणारं कुणी भेटायला हवं असेल, तर फार वेळ हातात नाही.

आता तुम्ही म्हणाल, पनवेलच्या मुलीला ट्रामचं काय एवढं? पनवेलला ट्राम कधीच नव्हती. कबूल. पण आमच्या घरात आजी आहे. ती परळच्या चाळीत वाढली आणि १९६४ च्या मे महिन्यात लग्न होऊन पनवेलला आली. ट्राम बंद झाल्यावर दीडच महिन्यात! 'मी आणि ट्राम एकदमच मुंबईतून गेलो,' हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यात गंमत अशी की दिवा-पनवेल रेल्वेमार्गही १९६४ सालचाच. म्हणजे ज्या वर्षी मुंबईनं रस्त्यातले रूळ उखडले, त्याच वर्षी पनवेलला पहिल्यांदा रूळ मिळाले.

चाकांचं गाव

पनवेलच्या बाबतीत वाहतुकीचा हा खेळ जुनाच आहे. आज आपण पनवेल म्हटलं की हायवे, मॉल आणि 'फूड कोर्टात भेटू' एवढंच बघतो. पण रेल्वे यायच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीनं पनवेल बंदरात यायचं, इथं उतरायचं आणि पुढं बोरघाट चढायचा, हा राजमार्ग होता. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि पनवेलची चांदी झाली. जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा काय दिलाय माहितीये? बैलगाडीची चाकं बनवणं. घाटावर जाणाऱ्या गाड्यांना चाकं पनवेलची! बंदर रोडवरून जाताना मला हे नेहमी आठवतं. आता तिथं चाकं दिसतात ती फक्त उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांची, तीही दोन रांगांत.

मग १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत आली आणि पुढं पुण्याकडं जाताना ती कल्याण-कर्जतवरून गेली. पनवेल बाजूला पडलं. नगरपालिका १८५२ ची, धूतपापेश्वरचा औषधी कारखाना १८७२ चा, म्हणजे गाव काही झोपलेलं नव्हतं. पण रेल्वेसाठी त्याला शंभरहून जास्त वर्षं थांबावं लागलं. आणि थेट मुंबईला जाणारी लोकल यायला १९९८ उजाडलं. एक रस्ता किंवा एक रूळ कुठून जातो, यावर अख्ख्या गावाच्या दोन-तीन पिढ्या कशा बदलतात, हे पनवेलकराला वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून ट्रामचा रस्ता पायी चालून बघायचं ठरवलं. रविवारी हार्बरला मेगाब्लॉक, म्हणून शनिवार निवडला. पनवेलहून सीएसएमटी म्हणजे साधारण ऐंशी मिनिटं. खिडकी मिळाली तर पुस्तक, नाही मिळाली तर हेडफोन.

घोडे, टोप्या आणि तीन आणे

सीएसएमटीला उतरलं की समोरच भाटिया बाग. २०२२ मध्ये इथं एक ट्राम आणून ठेवण्यात आली. मुंबईची नव्हे बरं का, कोलकात्याहून आणलेली! आपण आपली एकही जपून ठेवली नाही, मग काय करणार? उसनी आणली. फोटो काढणारे मात्र हौसेनं काढतात.

पण या चौकातूनच गोष्ट सुरू होते, हे खरं. ९ मे १८७४. त्या दिवशी मुंबईत पहिली ट्राम धावली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. ट्राम ओढायला घोडे. स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकी मंडळींच्या तबेल्यात म्हणे ९०० घोडे होते. उन्हाळ्यात या घोड्यांच्या डोक्यावर टोप्या घालत! आजच्या डिलिव्हरी बॉइजना दुपारी दोन वाजता बघितलं की त्या घोड्यांचा हेवा वाटतो.

भाडं सुरुवातीला तीन आणे. तिकीट नाहीच, पैसे द्यायचे आणि बसायचं. पुढं भाडं दोन आण्यांवर आलं. आणि मुंबईकर तो मुंबईकरच! फुकटे वाढले, म्हणून त्याच वर्षी तिकीट छापणं भाग पडलं.

किट्रेजबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. जॉर्ज किट्रेज हा ट्रामवाला माणूस. त्यानं सोराबजी शापूरजी बंगाली यांच्या साथीनं भारतातल्या बायकांसाठी स्त्री-डॉक्टर आणायला निधी उभा केला. त्यातून १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईला आल्या आणि १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांनी बघितला. पुढं डॉ. रखमाबाईंना डॉक्टर व्हायला ज्यांनी बळ दिलं, त्यांत या पीचीबाई होत्या. कामा हॉस्पिटल सीएसएमटीपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. घोड्याच्या ट्राममागचा माणूस आणि रखमाबाई एकाच गोष्टीत येतील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

घोड्यांचा जमाना तीसेक वर्षं चालला. १९०५ मध्ये नवी कंपनी आली : बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. आद्याक्षरं जोडून बघा. बेस्ट! आज बेस्टमधल्या टीचा अर्थ ट्रान्सपोर्ट सांगतात. मूळचा टी ट्रामवेजचा. म्हणजे रोज लाल बसवर आपण ट्रामचं एक अक्षर वाचतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. विजेचा आणि ट्रामचा धंदा एकाच कंपनीकडं होता, त्यामुळं मुंबईच्या घरात दिवा लागला तो ट्रामच्या सोबतीनं. ७ मे १९०७ ला पहिली विजेची ट्राम महापालिकेसमोरून निघाली, तेव्हा बघ्यांची ही गर्दी झाली होती. १९२० मध्ये डबलडेकर ट्राम आली. १९२६ मध्ये बस आली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आणि स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ ला, अख्खी कंपनी महापालिकेची झाली.

(नाशिककरांनी नाक मुरडू नये, म्हणून सांगून टाकते. नाशिकलाही ट्राम होती. १८८९ पासून, नाशिक रोड स्टेशन ते गावातला मेन रोड. आधी घोडे, नंतर पेट्रोलचं इंजिन. १९३० नंतर लवकरच तीही बंद झाली.)

पुलाखालून दादर

क्रॉफर्ड मार्केटपासून मी उत्तरेला चालू लागले आणि पहिल्या पाच मिनिटांत एक गोष्ट कळली. ट्रामचा रस्ता आज आकाशाखाली नाही, पुलाखाली आहे. मोहम्मद अली रोडवर डोक्यावर जे. जे. उड्डाणपूल. पुलावरून गाड्या भुर्रकन जातात. त्याखाली हातगाड्या, टेम्पो, फळवाले, बुरखा सावरत रस्ता ओलांडणाऱ्या बायका, मदरशातून सुटलेली पोरं आणि मी. पायधुणीच्या चौकात उभी राहिले. पूर्वी खाडीचं पाणी ओलांडून आल्यावर इथं पाय धुवायचे म्हणून ते नाव, असं सांगतात. ट्रामचं पहिलं शेवटचं स्टेशन हेच. आता इथं उभं राहायला जागा शोधावी लागते, पाय धुणं तर दूरच.

भायखळ्याला चहा, चिंचपोकळीला लिंबूपाणी. लालबागला पुन्हा पूल, हा २०११ मध्ये खुला झालेला. गिरणगाव या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वसलं होतं. सकाळच्या पाळीचा कामगार, केईएमला निघालेला पेशंट, शाळेतली पोरं, सगळ्यांची ट्राम हीच. परळला आजीची चाळ जिथं होती तिथं आता टॉवर आहे. वॉचमननं मला ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून फोटो काढायचा विचार सोडला.

चालता चालता आजीला फोन केला. 'आता हिंदमाताजवळ आहे,' म्हटलं. ती लगेच सुरू झाली, जणू कालच पास काढला होता.

'तिथं पावसात पाणी भरायचं. आजही भरतं ना?'

'भरतं, आजी.'

'मग काहीच बदललं नाही म्हण की!' आणि हसली. मग सांगत राहिली. ड्रायव्हर उभा राहून चालवायचा, पायानं घंटा वाजवायचा, ठण ठण ठण. ट्राम फिरवायची नसायची. टर्मिनसला कंडक्टर वरचा दांडा तारेवरून काढून दुसऱ्या बाजूला फिरवायचा, बाकांच्या पाठी उलट्या करायचा, की झाली ट्राम परतीला तयार. तो दांडा कधी तारेवरून सटकला की सगळ्या डब्यात अंधार आणि पोरांचा आरडाओरडा. बसपेक्षा भाडं कमी, म्हणून तिची आई बसनं कधी जाऊच द्यायची नाही. 'आणि पायरी ही एवढीशी,' ती म्हणाली. फोनवर हात दिसत नाही, पण मला कळलं. 'नऊवारीत, कडेवर पोर घेऊन बायका चढायच्या. रस्त्यावरून थेट आत. कुणाला जिना चढावा लागायचा नाही.'

दादर टीटीला पोहोचले तेव्हा पाय बोलत होते. खोदादाद सर्कलच्या गोलाकार इमारती अजून तशाच डौलात उभ्या आहेत. चौकात ट्रामची एक पाटीसुद्धा मला दिसली नाही. ज्या जागेला साठ वर्षं आपण ट्रामच्या नावानं हाक मारतो, तिथं दोन ओळींचा एक फलक लावायला किती खर्च येतो?

जमिनीखाली मात्र ट्राम अजून आहे. फ्लोरा फाउंटनची दुरुस्ती चालली होती, २०१९ मध्ये ते पुन्हा खुलं होण्याआधी, तेव्हा खोदताना ट्रामचे रूळ निघाले. डांबराचे थर चढवत गेलो, रूळ खाली राहिले. तुमच्या टॅक्सीखाली आज कुठं कुठं ते असतील, कोण जाणे.

हळू होती म्हणून?

ट्राम का गेली, याचं पाठ उत्तर सगळ्यांना येतं. हळू होती, रस्त्याच्या मधोमध होती, मोटारींना अडवायची. शेवटी बस आली ना! हे सगळं खोटं नाही. उगाच गळा काढायचा नाही मला. ट्राम रुळावरून हलू शकत नाही. पुढं एक बैलगाडी अडली की मागं पाच ट्राम उभ्या. रूळ, तारा, डबे, सगळ्याला सतत पैसा लागतो. बस कुठल्याही गल्लीतून वळते. एकेक मार्ग कमी होत गेला आणि शेवटी बोरीबंदर-दादर एवढाच उरला.

पण 'मोटारींना अडवायची' हे वाक्य पुन्हा वाचून बघा. ट्राममध्ये किती माणसं, मोटारीत किती? अडवत कोण कुणाला होतं? तेव्हाच्या साऱ्या जगानं हेच ठरवलं होतं, एकट्या मुंबईला दोष देण्यात अर्थ नाही. चेन्नईनं १९५३ मध्ये ट्राम बंद केली, दिल्लीनं १९६३ मध्ये. लंडननं १९५२ मध्ये, पॅरिसनं त्याच्याही आधी. मग पॅरिसच्या उपनगरांत १९९२ मध्ये ट्राम परत आली, लंडनच्या क्रॉयडनला २००० मध्ये. आपल्याकडं एकटं कोलकाता टिकून राहिलं. २०२३ मध्ये तिथल्या ट्रामनं दीडशे वर्षं पुरी केली आणि २०२४ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की वारसा म्हणून एक छोटा मार्ग ठेवू, बाकी बंद. कारण? वाहतुकीला अडथळा. साठ वर्षांनी तेच वाक्य!

आणि ज्या बसनं ट्रामची जागा घेतली तिचं काय चाललंय? १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर धावली. हार घातले, सेल्फी काढले, लोक रडले. १९६४ च्या त्या रात्रीही शेवटच्या ट्रामला निरोप द्यायला असेच लोक जमले होते. आपण निरोपाला फार छान जमतो. बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या वर्षावर्षाला कमी होत गेल्या, तेव्हा मात्र स्टॉपवर उभं राहून घड्याळ बघण्यापलीकडं आपण काही केलं नाही. मी तरी शेअर टॅक्सीला हात केला.

पनवेलला हे जास्त बोचतं. आमचं गाव दोन मोठ्या हायवेंच्या तोंडाशी. कोकणातून थेट कन्याकुमारीला जाणारा हायवे पनवेलपासून सुरू होतो, पुण्याचा एक्स्प्रेस वे शेजारच्या कळंबोलीहून. गाडी असेल तर पनवेलसारखी जागा नाही. नसेल तर? आजी ब्याऐंशीची आहे. घरापासून वडाळे तलाव तिच्या पायांनी पंधरा मिनिटं. गेल्या चार वर्षांत ती एकटी तिथं गेलेली नाही. गुडघ्यांमुळं नव्हे. मधला रस्ता ओलांडता येत नाही म्हणून. रिक्षावाला एवढ्या जवळ यायला तयार नसतो आणि आला तर जे मागतो ते ऐकून आजी खाली उतरते. घरात सध्या गाडी घ्यायचा विषय चाललाय. ईएमआयचं गणित बाबांनी कागदावर मांडून फ्रिजवर लावलंय. आजीला घेऊन जाता येईल, हे त्यातलं पहिलं कारण. म्हणजे रस्त्यावर आणखी एक गाडी येणार, आणि आजीसारख्या दुसऱ्या कुणाला तो रस्ता आणखी थोडा अवघड होणार.

सरकता जिना

नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली. बेलापूर ते तळोज्याजवळचं पेंधर, अकरा किलोमीटर, अकरा स्टेशनं. मधली खारघरची सगळी स्टेशनं आमच्या पनवेल महापालिकेतली. ट्रामच्या चालण्यानंतरच्या आठवड्यात आजीला घेऊन गेले. बेलापूरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो.

सरकता जिना तिनं नाकारला, लिफ्टनं वर गेलो. मग सुरक्षा तपासणी, मग तिकीट, मग परत लिफ्ट. प्लॅटफॉर्मवर पोहोचेपर्यंत तिनं तीनदा विचारलं, 'अजून वर?' डबा आला, दार उघडलं, फलाट आणि डबा अगदी सपाटीला. ते तिला फार आवडलं. 'हे ट्रामसारखं केलंय,' म्हणाली. खिडकीशी बसली, खारघरचे डोंगर बघितले. स्टेशनांची नावं मराठीत सांगतात याचं कौतुक केलं. शेजारच्या कॉलेजच्या मुलीला ट्रामची गोष्ट सांगितली. त्या मुलीनं कानातले इअरफोन काढून ठेवले आणि नीट ऐकली. 'म्हणजे आजी, ट्राम ही मेट्रोच होती का?' तिनं विचारलं.

आजीनं थोडा विचार केला. खाली रस्ता दिसत होता, गाड्या एकामागं एक.

'नाही गं,' ती म्हणाली. 'ट्राम खाली होती. आम्ही रस्त्यावर होतो आणि ट्रामही रस्त्यावरच. आता त्यांनी रस्ता गाड्यांना दिलाय आणि आपल्याला वर पाठवलंय.'

मुलगी हसली. मीही. मग तिचं स्टेशन आलं, ती उतरली आणि काचेतून हात हलवला.

तुम्हाला हा फेरफटका करायचा असेल तर सीएसएमटी ते दादर टीटी नऊएक किलोमीटर धरा. थांबत, खात, चार तास. पावसाळ्यात नको, हिंदमाताचं वर सांगितलंच आहे. हार्बरनं येणाऱ्यांनी वाटेत अणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालयही बघावं, जाण्याआधी चौकशी करून. ट्रामच्या छोट्या प्रतिकृती आणि जुनी तिकिटं तिथं मांडलेली आहेत. आणि घरात, शेजारी, बिल्डिंगमध्ये कुणी सत्तरीपुढचं मुंबईकर असेल तर निघण्याआधी त्यांच्याकडं अर्धा तास बसा. कुठल्या वळणावर ट्राम करकरायची, कुठल्या स्टॉपवर चालत्या ट्राममधून उडी मारता यायची, हे त्या संग्रहालयात लिहिलेलं नाही.

पेंधरला आम्ही उतरलो नाही. आजी म्हणाली, इथं उतरून करायचं काय, बाहेर परत रिक्षाच. त्याच मेट्रोनं बेलापूरला परत आलो. येताना तिनं मला उलट्या दिशेच्या बाकावर बसायला लावलं, कारण बाकांच्या पाठी फिरवता येत नव्हत्या.